घर की गढी?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील पुष्कळ जुन्या गावांत शिरताना प्रथम दृष्टीस पडते ती गढी. गावाच्या उंचवट्यावर खाली काळ्या दगडाचा आणि वर पांढऱ्या मातीचा तट, कोपऱ्यांवर बुरूज, मध्ये हत्ती जाईल एवढा दरवाजा आणि त्या दरवाजाच्या पोटात माणसाने वाकून जावे एवढी दिंडी. गढी म्हणजे किल्ला नव्हे. तेथे सैन्याची छावणी नसे. गढी म्हणजे नुसते घरही नव्हे. पाटील, देशमुख, इनामदार अशा एखाद्या मातबर कुटुंबाने राहण्यासाठी बांधलेले, परंतु अंगावर किल्ल्याचा पोशाख चढविलेले ते घर होय.

यांपैकी बहुतेक गढ्या आता पडल्या आहेत. त्यांची पांढरी माती लोकांनी वाहून नेली, दगड दुसऱ्या कामांना लावले. मात्र गढीची हौस काही संपलेली नाही. ऊस, हळद आणि द्राक्षे यांच्या उत्पन्नातून हाती चार पैसे आले की आजही कोणी तरी रस्त्याच्या कडेला बंगला बांधतो, त्याच्या दोन्ही अंगांना सिमेंटचे बुरूज उभे करतो, गच्चीच्या कठड्याला तटासारख्या चर्या काढतो आणि वर भगवा ध्वज लावतो. घराचे नावही बहुधा एखाद्या गडाचेच असते. असे घर असावे काय? या बाबतीत माझे मत ठरलेले आहे. परंतु ते सांगण्यापूर्वी या हौसेची बाजू ऐकून घेणे न्यायाचे होईल. मीही अशा घरासमोर पाय थांबवून उभा राहिलेला माणूस आहे.

पूर्वीच्या लोकांनी गढ्या बांधल्या त्या हौसेखातर नव्हे. अठराव्या शतकात आणि त्यानंतरही काही वर्षे खेड्यातील माणसाला रात्री निश्चिंत झोप लागत नसे. सत्ता बदलत होत्या, फौजा शिवारातून जात होत्या, आणि फौजांच्या मागोमाग लुटारू येत होते. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त १८१७-१८ साली झाला. तोपर्यंत घरात पेवभर धान्य असणे हीदेखील भीतीची गोष्ट होती. अशा काळात गढीचा प्रत्येक भाग कामाचा होता. तटात ठेवलेल्या अरुंद तिरप्या छिद्रांना जंग्या म्हणत. आतल्या माणसाला त्यांतून बाहेरचा मनुष्य दिसे, बाहेरच्याला मात्र आतले काही दिसत नसे. दरवाजाच्या फळ्यांवर लोखंडी अणकुचीदार खिळे असत, ते हत्तीने धडक मारू नये म्हणून. दिंडी एवढी ठेंगणी का? कारण आत येणाऱ्याला मान खाली घालूनच एकेकटे यावे लागे. आणि ज्याची मान खाली आहे त्याला तलवार उगारता येत नाही. संकटाची हाकाटी झाली की गावातील बायकामुले आणि गुरे गढीच्या आवारात घेतली जात. म्हणजे गढी ही एका कुटुंबाची खरी, पण वेळप्रसंगी ती साऱ्या गावाची होई. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

या प्रकारच्या घराचे उत्तम रूप पाहावयाचे असेल, तर वाईजवळच्या मेणवलीला जावे. तेथे नाना फडणविसांचा वाडा आहे. भोवती तट आणि बुरूज, आत एकामागून एक सहा चौक. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की हा मनुष्य जगाकडे पाठ फिरवून बसला होता. परंतु वाड्यामागे जाऊन पाहा. तेथे कृष्णेवर चंद्रकोरीसारखा वळणदार, रुंद असा दगडी घाट आहे. घाटावर मेणेश्वराचे देऊळ आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हा मराठ्यांच्या हाती लागलेल्या पोर्तुगीजांच्या घंटांपैकी एक घंटाही तेथे टांगलेली आहे. ज्या माणसाने एवढा तट घातला, त्यानेच नदीच्या अंगाला असा सर्वांसाठी मोकळा घाट बांधला. मला मेणवलीचे बुरूज आवडतात. घाट त्यांहून अधिक आवडतो. नाना १८०० साली पुण्यास वारले. त्यांचे कागदपत्र मात्र मेणवलीच्या वाड्यात सुखरूप राहिले आणि मेणवली दफ्तर म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना ते उपयोगी पडले. जाड भिंतींनी अशीही सेवा केलेली आहे.

सांगलीची गोष्ट थोडी निराळी आहे. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन १८०१ च्या सुमारास मिरजेच्या जहागिरीतून विभक्त झाले आणि त्यांनी कृष्णाकाठच्या सांगली या लहानशा गावी आपली राजधानी केली. राहावयास त्यांनी भुईकोट बांधला. त्याचे नाव गणेशदुर्ग. भोवती खंदक, तट, आणि आत राजवाडा. गावच लहान, तेव्हा राहत्या घरानेच किल्ला व्हावे हे योग्यच होते. पुढे गाव वाढले, तटाच्या बाहेर पेठा पसरल्या, आणि स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाल्यावर राजवाड्याच्या आवारात पुष्कळ वर्षे सरकारी कचेऱ्या भरल्या. ज्या दरवाजापाशी शिपाई लोकांना अडवीत, त्याच दरवाजातून दाखले काढावयास लोक जाऊ लागले. मला हा बदल फार समाधानाचा वाटतो.

आता या घरांचा मोह कशात आहे ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे ती डोळ्यांत भरतात. मैदानात बुरूज दिसला की मान आपोआप वर होते. दुसरी, आपल्या मुलखाचा इतिहास गडांशी जडलेला आहे. दिवाळीत तुम्ही मुले अंगणात मातीचा किल्ला करता, त्यावर मोहरी पेरता, मावळे उभे करता. ती ओढ मोठेपणीही सुटत नाही, हा काही अपराध नव्हे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे आतला थंडावा. वैशाखाच्या उन्हात पांढऱ्या मातीच्या चार हात जाड भिंतीआड पाऊल टाकावे, म्हणजे अंगावरून कोणी ओले वस्त्र फिरविल्यासारखे वाटते. हे सुख मी स्वतः भोगलेले आहे.

तथापि ज्यांच्याजवळ खरोखरीचे गड होते, त्यांनी काय केले? साताऱ्याच्या माथ्यावर अजिंक्यतारा आहे. (नाव अजिंक्य खरे, पण कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर एप्रिल १७०० मध्ये तो औरंगजेबाच्या हाती गेला होता, हेही आपण जाणून असावे.) १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला. पुढे महाराज गडावर राहिले नाहीत. त्यांनी गडाच्या पायथ्याशी गाव वसविले, आणि ते तेथे खाली, लोकांत राहिले. आजचे सातारा शहर हे त्या वसाहतीचेच वाढलेले रूप होय. गडावर वारा होता, उंची होती, तट होता. पण बाजार खाली, पाणी खाली, माणसे खाली. राजाला हे कळले. महाराजांच्या निधनानंतर, १७५० साली, त्यांच्या गादीवर बसलेल्या रामराजांना ताराबाईंनी याच गडावर कैदेत ठेवले. तटाचा स्वभावच असा आहे: तो बाहेरच्याला आत येऊ देत नाही, तसाच आतल्यालाही बाहेर जाऊ देत नाही.

याच शाहू महाराजांच्या पेशव्याने, बाजीरावाने, पुण्यास शनिवारवाडा बांधला. पाया १७३० मध्ये घातला गेला आणि वास्तुशांती १७३२ मध्ये झाली. हे मुळात घरच. पण पुढे त्याला बुरुजांचा तट आणि पाच दरवाजे आले. उत्तरेकडील दिल्ली दरवाजाचे बांधकाम महाराजांनी बरीच वर्षे थांबविले होते, असे सांगतात. दिल्लीच्या दिशेला तोंड करून किल्ल्याचा दरवाजा उघडणे म्हणजे दिल्लीच्या बादशहाला आव्हान देण्यासारखे दिसेल, असा त्यांचा विचार होता म्हणे. घराने किल्ल्याचा वेष घेतला की राजालाही त्याची दखल घ्यावी लागते. मध्ययुगात इंग्लंडातही सरदारांनी आपल्या घराच्या भिंतींवर चर्या बांधण्यासाठी राजाकडून परवाने घेतल्याची नोंद आहे. आणि परवाना मिळणे हा मोठा मान समजला जाई. असो. एवढ्या तटबंदीच्या शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी, भर दिवसा, नारायणराव पेशव्यांचा खून झाला. मारेकरी तट चढून आले नव्हते. ते पदरचे गारदी होते. ज्यांच्यावर पहाऱ्याचा विश्वास टाकला, तेच. पुढे १८२८ च्या आगीत आतला वाडा जळून गेला आणि तट उभा राहिला. आज आपण पाहावयास जातो तो पोशाख. अंगरखा आहे, आत माणूस नाही.

इतिहासातील गोष्टी तुम्हांस लांबच्या वाटतील. म्हणून माझ्या अनुभवातील एक सांगतो. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी खटाव तालुक्यातील एका गावी शिक्षक म्हणून गेलो. राहण्यास खोली मिळाली ती गढीत, दरवाजावरच्या माडीवर. गढीचे मूळ मालक मोठे घराणे. परंतु मुले नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यास, आणि दोन चौकांच्या त्या वाड्यात एकट्या आजी राहत. वयाने सत्तरीच्या पुढे, पण ताठ. सायंकाळी दिवेलागणीला दिंडी लावून घेणे आणि आतून अडसर सरकविणे हा त्यांचा नेम कधी चुकला नाही. मी उशिरा आलो तर कडी वाजवावी लागे, आणि त्या स्वतः येऊन, कंदील वर धरून, माझे तोंड पाहून मगच अडसर काढीत. "मास्तर, ही गढी कुणाला कधी फुटली नाही," असे त्या अभिमानाने सांगत. दक्षिणेकडचा तट मात्र एका पावसाळ्यात ढासळला होता आणि तेथे खिंडार पडले होते. ते बुजवावे म्हणून आजी दर पत्रात मुलांना लिहीत. पत्रे मीच लिहून देत असे, म्हणून मला ठाऊक.

पौषातील एका रात्री आजी मागच्या चौकातील आडाच्या पायरीवरून घसरून पडल्या आणि त्यांचा पाय मोडला. मी त्या दिवशी परीक्षेच्या कामासाठी साताऱ्यास गेलो होतो. आजींनी हाका मारल्या. थांबून थांबून, रात्रभर मारल्या. तटाच्या पलीकडे वीस-पंचवीस हातांवर सुताराची आणि कोष्ट्याची घरे होती. कुडाच्या भिंतींची ती घरे, एका घरात मूल रडले की दुसऱ्या घरातील बाई उठून विचारी, "काय झालं ग?" पण चार हात जाडीच्या तटातून आजींची हाक पलीकडे गेली नाही. पहाटे गवळीण दूध घेऊन आली, तिने कडी वाजविली, पुन्हा वाजविली, आणि मग तिने गाव गोळा केला.

गाव आला, पण आत जाणार कसा? दिंडीला अडसर, दरवाजाला अडसर. पहारी आणल्या. हत्तीला दाद न देणारा तो दरवाजा, त्याने चार माणसांनाही दाद दिली नाही. शेवटी सुताराच्या पोराला सुचले. तो दक्षिणेच्या खिंडारावर चढला, आत उडी टाकून गेला आणि त्याने दिंडी उघडली. आजींना बैलगाडीत घालून तालुक्याच्या गावी नेले. थंडीने त्या काळ्यानिळ्या पडल्या होत्या. आणखी दोन प्रहर गेले असते तर काय झाले असते, हे सांगावयास नको.

त्या वाचल्या. पाय थोडा अधू राहिला. महिन्याभराने मी पत्र लिहावयास बसलो, तेव्हा सवयीप्रमाणे विचारले, "खिंडाराचं लिहू का?" आजी थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "नको मास्तर. राहू दे ते तसंच."

माझे मत त्या दिवशी बनले. मजबूत भिंतीच्या मी विरुद्ध नाही. परंतु ज्या काळी भय बाहेरून येत होते, त्या काळासाठी ती भिंत होती. आणि भय आले की तीच भिंत गावाला पोटात घेत होती. आता भय निराळे आहे. म्हातारपण, आजार, एकटेपणा ही तटाबाहेरून येत नाहीत, आणि त्यांना अडविण्यास अडसराचा उपयोग नाही. त्यांच्यावर उपाय एकच आहे: आपली हाक शेजाऱ्याला ऐकू जाणे.

तीन वर्षांपूर्वी तासगाव भागातील माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने नव्या घराच्या वास्तुशांतीला बोलाविले. द्राक्षांच्या बागेत त्याने कष्टाने पैसा मिळविला होता, आणि मला त्याचे कौतुक होते. घर पाहून मी चकित झालो. समोर दोन बुरूज, मध्ये कमान, कमानीत खिळ्यांचा दरवाजा, आणि भोवती दोन पुरुष उंचीची भिंत. भिंतीच्या माथ्यावर काचा. दरवाजापाशी कॅमेरा. "सर, कसं वाटलं? लोक गाड्या थांबवून फोटो काढतात," तो म्हणाला. मी म्हटले, "अरे, देखणे आहे." आणि ते देखणे होतेच.

मग त्याने हौसेने घर दाखविले. बुरुजाच्या आतली खोली गोल होती. गोल भिंतीला कपाट लागत नव्हते, पलंग कोठेही ठेवला तरी तिरपाच दिसत होता. रस्त्याकडे खिडक्या म्हणजे अरुंद फटी, म्हणून दुपारी बारा वाजता दिवे लावलेले. बुरूज सिमेंटचे आणि वीतभर जाडीचे. ते दिवसभर तापत आणि रात्रभर ती उष्णता आत सोडीत. जुन्या गढीचा खरा गुण तिच्या मातीच्या जाडीत होता. इकडे रूप घेतले होते आणि गुण मागे राहिला होता. बुरूज जेथे भिंतीला मिळतो, तेथे पहिल्याच पावसात ओल आली, हे त्याने जरा हळू आवाजात सांगितले.

त्याच्या बैठकीत एक चित्र होते: उंच डोंगरावर पांढरे मनोरे, मागे हिमाच्छादित शिखरे. "हे कोठले?" मी विचारले. त्याला ठाऊक नव्हते. ते जर्मनीतील बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजाचे नॉयश्वानस्टाइन होते. त्याचे बांधकाम १८६९ साली सुरू झाले. तोफांपुढे असे तट टिकत नाहीत हे तेव्हा साऱ्या युरोपला कळून चुकले होते. तरीही राजाला जुन्या कथांतल्यासारखा किल्ला हवा होता, आणि त्याची कल्पनाचित्रे त्याने नाटकाचे पडदे रंगविणाऱ्या कलावंताकडून काढून घेतली. राजा लाजाळू होता. त्याला एकांत हवा होता. त्याच्यावर कर्जाचा डोंगर झाला. १८८६ साली तो मरण पावला, तेव्हा वाडा अपुराच होता आणि सगळे मिळून अर्धे वर्षही तो त्यात राहिला नव्हता. त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच आठवड्यांत तो लोकांना पाहण्यासाठी खुला झाला. आज वर्षाला दहा लाखांहून अधिक लोक त्या एकांतवासात फिरून येतात. हे सर्व मी माझ्या विद्यार्थ्याला सांगितले. तो हसला, पण त्या हसण्यात फारसा जीव नव्हता. वास्तुशांतीच्या दिवशी असे बोलावयास नको होते; शिक्षकाची जीभ कोठे थांबावे ते विसरते.

जेवणानंतर मी त्याच्या वडिलांना शोधू लागलो. त्यांच्या जुन्या घराला रस्त्याच्या कडेला सोपा होता. येणाराजाणारा तेथे टेकत असे, तंबाखूची चंची फिरत असे, गावातील निम्म्या सोयरिकी तेथे जुळल्या होत्या. मी त्यांच्या मुलाच्या अभ्यासाची तक्रार घेऊन गेलो होतो, तोही त्याच सोप्यावर. आता ते घरात कोठे दिसेनात. बाहेर येऊन पाहतो तो दरवाजाबाहेर, त्या दोन पुरुष भिंतीच्या सावलीत, प्लॅस्टिकची खुर्ची टाकून ते रस्त्याकडे तोंड करून बसले होते.

"आबा, आत नाही बसलात?" मी विचारले.

"आत कोण येतंय, गुरुजी?" ते म्हणाले. "दार बघूनच माणूस पुढं जातोय. म्हणून मीच बाहेर येऊन बसतो."

गेल्या दिवाळीत त्या वाटेने जाण्याचा पुन्हा योग आला. बंगल्याचे बुरूज रंगवून नवे केले होते. भिंतीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, विद्यार्थ्याच्या दोन्ही मुलांनी मातीचा किल्ला केला होता. चांगला होता, तळेसुद्धा होते. आत एवढे फरसबंद अंगण असताना बाहेर का केला, असे मी विचारले, तेव्हा धाकटा मुलगा म्हणाला, "आत केला तर बघणार कोण?" गल्लीतील पाचसहा मुले मोहरीला पाणी घालीत होती. शेजारी खुर्चीवर आबा बसले होते, आणि त्यांच्याजवळ आणखी दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या.